जर्मनीतला शिकारीचा परवाना आणि बोरिवलीतले प्रश्न

गेल्या एप्रिलमध्ये मला जर्मनीत शिकारीचा परवाना मिळाला. फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा आई नुसतं "बरं" म्हणाली होती. आता रजेवर बोरिवलीला आले आहे, तर घरात, सोसायटीत, गिरगावात मामाकडे, जाईन तिथे हाच विषय निघतोय. शेजारच्या काकूंनी तर दारातच विचारलं, "अगं, तू खरंच हरणं मारतेस?" प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देण्यापेक्षा एकदा नीट बसून लिहावं असं वाटलं.

आधी आपल्याकडचं सांगते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. सुरुवातीला त्या कायद्यात काही प्राण्यांसाठी परवान्याची तरतूद होती, १९९१च्या दुरुस्तीने तीही गेली. मामाच्या लहानपणी कोकणात ठासणीची बंदूक घेऊन मंडळी निघायची, हाकारे घालून रान उठवायची आणि भेकर पडलं की वाडीत वाटे व्हायचे. तो अजूनही रंगात येऊन सांगतो. पण आज तसं केलं तर तुरुंगवास आहे, आणि तो असायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे. आपली जंगलं तुटक तुटक उरली आहेत. त्यांतल्या वाघ-बिबट्यांच्या तोंडचा घास माणसाने काढून घेऊ नये.

मग जर्मनीत मी हे का शिकले? त्याचं उत्तर आमच्या गच्चीवरूनच दिसतं. समोर नॅशनल पार्कचा डोंगर. जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, चहूबाजूंनी इमारती, आणि तरी आत चितळ, सांबर, भेकर आहेत आणि त्यांना खाणारे बिबटेही आहेत. हरणं किती असावीत हे ठरवण्यात तिथे बिबट्याचा वाटा आहे. मी राहते त्या हेसेन राज्यात रानं बोरिवलीपेक्षा कितीतरी मोठी आहेत, पण हरणामागे लागणारं फारसं कुणी उरलेलं नाही. लांडगे माणसानेच एकोणिसाव्या शतकात संपवले. २००० साली पूर्वेकडे, पोलंडच्या सीमेजवळच्या लाउझित्स भागात, पहिल्यांदा पुन्हा लांडग्यांची पिल्लं जन्मली. आता ते हळूहळू पसरताहेत, पण बऱ्याच भागात अजून ते काम माणसालाच करावं लागतं. रो जातीचं हरीण तिकडे सगळ्यात जास्त. आकाराने साधारण आपल्या भेकराएवढं, फार तर पंचवीस किलोचं. देशभरात वर्षाला सुमारे १२ लाख रो हरणं मारली जातात, आणि तरीही ती कमी झाली असं कुणी म्हणत नाही.

आकड्यांनी मला पटलं नव्हतं. पटलं ते एका कुंपणापाशी. वर्गातल्या सगळ्यांना आमचे शिक्षक ओकच्या रानात घेऊन गेले. तिथे जाळीचं कुंपण घालून एक चौकोन राखलेला होता. आतली ओकची रोपं माझ्या डोक्यापर्यंत आलेली, पानापानांत ऊन. जाळीच्या बाहेर त्याच वर्षी उगवलेली रोपं घोट्याएवढी, प्रत्येकाचा शेंडा खुडलेला, बुंधा मात्र जून झालेला. मी खाली बसून एकेक रोप हाताने चाचपून पाहिलं. वर शंभर-दीडशे वर्षांची झाडं आणि खाली त्यांची जागा घेणारं कुणीच नाही. म्हातारी झाडं पडली की त्या रानाचं काय होणार, हे तिथे कुणी सांगायची गरज नव्हती.

परवान्याआधी परीक्षा, आणि परीक्षेची तयारी हिवाळाभर चालली. प्राण्यांची ओळख, त्यांचे रोग, शेती आणि वनशास्त्र, शिकारी कुत्र्यांचं काम, निसर्गरक्षणाचे आणि प्राण्यांना वेदना न होऊ देण्याचे कायदे, मांसाची स्वच्छता, बंदुकांची रचना. लेखी, तोंडी आणि नेमबाजी असे तीन टप्पे. नेमबाजीत कमी पडलात तर बाकीच्या विषयांतले गुण कामाला येत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. नेम चुकला तर जनावर जखमी होऊन तडफडतं. रो हरणासाठी गोळीत किती जोर हवा हेही कायद्याने बांधलेलं आहे: १०० मीटरवर किमान १००० ज्यूल. छर्ऱ्यांना पूर्ण मनाई.

घरी बंदूक ठेवायची तर प्रमाणित पोलादी कपाट लागतं आणि ते बघायला सरकारी माणूस कधीही येऊ शकतो. विमा सक्तीचा. परवाना फार तर तीन वर्षांचा, नंतर नूतनीकरण आणि दर वेळी पोलीस नोंदींची छाननी. बाबांना हा भाग फार आवडला.

परवाना खिशात असला तरी वाटेल त्या रानात जाता येत नाही. शिकारीचा हक्क तिकडे जमिनीशी बांधलेला आहे. ज्याची सलग ७५ हेक्टर जमीन, त्याचं स्वतःचं क्षेत्र. त्याहून लहान जमिनींच्या मालकांची मिळून एक संस्था असते आणि ती आपलं क्षेत्र बहुधा नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. पट्टेदाराला त्या रानातल्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवावी लागते आणि पिकाच्या नुकसानीची भरपाईही बहुतेक वेळा त्याच्याच गळ्यात येते. मी अशाच एका पट्टेदार आजोबांच्या लेखी परवानगीने जाते. कुठल्या मचाणावर बसायचं ते तेच सांगतात. मचाण उंच असतं कारण गोळी वरून खाली जावी आणि हुकली तरी मातीत रुतावी. हरणामागे उघडी क्षितिजरेषा दिसली तर चाप ओढायचा नाही. सूर्यास्तानंतर दीड तासाने हरणांची शिकार बंद.

हंगामाचे नियम सांगताना मला वाटलं होतं घरचे कंटाळतील. उलट बाबा म्हणाले, पावसाळ्यात होड्या बंद ठेवतात तसंच की हे. अगदी तसंच. १ जूनला आपल्याकडे यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, मासळीला अंडी घालायला उसंत मिळते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा सुरुवात होते. बाजारातल्या कोळीण मावशींना मी हे सगळं सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला: मादीचं काय करता? इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कुणीच विचारला नाही.

रो मादी मे-जूनमध्ये विते, बहुतेक वेळा दोन पाडसं. देशपातळीवरच्या नियमानुसार नराचा हंगाम १ मे ते १५ ऑक्टोबर आणि पाडसं असलेल्या माद्यांचा १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी. राज्यं यात थोडाफार फेरफार करतात. पण तारीख काहीही असो, ज्या मादीवर पाडस अवलंबून आहे तिला मारणं हा फौजदारी गुन्हा आहे. म्हणून रानातला नियम असा: आधी पाडस, मग आई. हे ऐकून आईने हातातली भाजी खाली ठेवली. मलाही वर्गात पहिल्यांदा ऐकताना असाच धक्का बसला होता. पण आई मेली आणि पाडस मागे राहिलं तर ते थंडीत उपासमारीने दिवसेंदिवस झिजत जातं. त्यापेक्षा क्रूर काही नाही.

माझं पहिलं हरीण पाडसच होतं. सप्टेंबरची संध्याकाळ होती. मादी दोन पाडसं घेऊन रानाच्या कडेला आली. एक अंगाने भरलेलं, दुसरं बारीक, सारखं मागे राहणारं. आजोबांनी बोटानेच दाखवलं. ते आडवं उभं राहीपर्यंत मी थांबले, खांद्यामागे नेम धरला आणि चाप ओढला. ते जागीच पडलं. नंतर माझे हात इतके थरथरत होते की काडतूस काढता येईना. आजोबा काही बोलले नाहीत. खाली उतरल्यावर त्यांनी ओकची एक डहाळी मोडून माझ्या हातात दिली. शेवटचा घास म्हणून ती जनावराच्या तोंडात ठेवायची तिकडची जुनी रीत आहे. मी ठेवली. मग तिथेच गवतावर त्याचं पोट उघडून फुप्फुसं, काळीज, लसिकाग्रंथी एकेक करून तपासल्या. कुठे गाठ, डाग, वेगळा वास आहे का ते पाहायचं, आणि शंका आली तर मांस पशुवैद्याकडे न्यायचं. ते सात अंशांपर्यंत थंड करून मग घरी आणलं. मालवणी मसाल्यात सुकं केलं, आजोबांनाही डबा नेऊन दिला. त्यातलं काहीच वाया जाऊ दिलं नाही.

काकूंना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगायलाच हवी. त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही पाडसं वाचवत होतो. गवत कापणीच्या दिवसांत रोची पाडसं कुरणात निपचित पडून असतात. धोका आला की पळायचं नाही, जमिनीला चिकटून राहायचं, हा त्यांचा स्वभाव. कोल्ह्यापुढे हा उपाय चालतो, कापणी यंत्रापुढे चालत नाही. म्हणून पहाटे, जमीन थंड असतानाच, उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन शेतावर फिरवतात. पडद्यावर पांढरा ठिपका दिसला की दोघं-तिघं गवतातून चालत जायचं. मला पहिलं पाडस सापडलं तेव्हा मी जवळजवळ त्याच्यावर पाय देणार होते. पाठीवर पांढरे ठिपके, कान मागे दाबलेले, डोळे उघडे, श्वाससुद्धा कळेना. दोन्ही हातांत गवताचे मोठे झुपके धरून, माणसाचा वास लागू न देता, त्याला उचलून बांधाच्या सावलीत ठेवलं. वर जाळीची पेटी उपडी घातली. कापणी संपल्यावर पेटी काढली आणि आम्ही लांब गेलो. मादी रानाच्या कडेला उभीच होती.

हे करणारी माणसं तीच, जी सप्टेंबरमध्ये मचाणावर बसतात. काकूंना हे पटायला जड गेलं. मला मात्र यात विसंगती वाटत नाही. यंत्राखाली तुकडे होऊन मरणं आणि पाहून, ठरवून, एका गोळीत मरणं यांत फरक आहे, आणि तो फरक सांभाळायची जबाबदारी मी घेतली आहे.

फ्रँकफर्टकडच्या दोन-तीन मराठी मंडळींनी, आपल्यालाही हा परवाना काढता येईल का, असं विचारलं आहे. जर्मन नागरिकत्वाची अट नाही, पण परक्या नागरिकाला किंवा सलग तीन वर्षं तिथे न राहिलेल्याला परवाना नाकारायची मुभा कायद्याने कार्यालयाला दिली आहे. तेव्हा आधी तुमच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा, मगच अभ्यासवर्गाचे पैसे भरा. ते हजार-दोन हजार युरोंच्या घरात जातात. परीक्षा जर्मनमध्ये असते आणि झाडापानांची, अवयवांची नावं रोजच्या बोलण्यात येत नाहीत, त्यामुळे भाषेला जास्त वेळ द्या. आणि एवढ्यात काही ठरवायचं नसेल तर मेमध्ये जवळच्या गावात पाडसं शोधणाऱ्या गटाला फोन करा. पहाटे चार वाजता उठायची तयारी असलेली माणसं त्यांना नेहमीच कमी पडतात, आणि त्या कामाला परवाना लागत नाही.