अंतर ४०० किलोमीटर, मग वेळ किती?

मला एका छोट्या विमानतळावरून दुसऱ्या छोट्या विमानतळाच्या गावी जायचं होतं. विमान घ्यावं की सरळ रस्त्याने निघावं, एवढंच ठरवायचं होतं.

अंतर काढणं सोपं निघालं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, स्प्रेडशीटमध्ये गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर देणारं हॅव्हरसाइनचं सूत्र टाकलं, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली. उत्तर आलं साधारण ४०० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे त्यात किलोमीटर-दोन किलोमीटरचा फरक पडतो, तो सोडून द्यायचा. जपायचं ते अंश-मिनिटांच्या बाबतीत. ३० मिनिटं म्हणजे ०.३० अंश नव्हे, ०.५ अंश. तिथे गफलत झाली की नुसत्या अक्षांशातच २२ किलोमीटर इकडचे तिकडे होतात.

वेळेचं गणित मात्र असं सुटत नाही. अशा मार्गांवर बहुतेकदा पंख्यांची विमानं असतात. त्यांतल्याच एटीआर ७२ या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे भागाकाराने ४८ मिनिटं. वेळापत्रकात होता सव्वा तास! विमान कंपन्यांची वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून रेंगाळत जाणं, चढतानाचा कमी वेग, उतरण्याआधीचा वळसा, सगळं त्यातच धरलेलं. त्यातून विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं, मग गाव मागच्या बाजूला असलं तरी चालेल. जेट असतं तरी फार फरक पडला नसता, कारण पुरत्या उंचीवर पोचेपर्यंत उतरायची वेळ होते.

वाऱ्याचाही हिशोब करून पाहिला. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ४८ ची ५३ मिनिटं होतात, पाठीमागून आला तर ४४. म्हणजे जाता-येता फिटंफाट होत नाही, वारा थोडं घेऊनच जातो. (स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर तीन किलोमीटरही नाही, वेळापत्रकात उड्डाण दोन मिनिटांचं. तिथे असली आकडेमोड कोण करत बसेल!)

हे सगळं झाल्यावर खरी अडचण कळली. थेट विमान रोज नव्हतंच. मला हव्या त्या दिवशी मोठ्या विमानतळावरून बदलून जावं लागणार होतं, आणि तो विमानतळ भलत्याच दिशेला. दोन वेगळी तिकिटं काढली तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी सहसा हात वर करते. एकाच तिकिटावर घेतलं तर मधला मुक्काम लांबलचक. ४०० किलोमीटरसाठी अख्खा दिवस!

शेवटी जाताना रस्त्याने गेलो. परतीच्या दिवशी थेट विमान होतं, ते घेतलं. उडाल्यावर डाव्या खिडकीतलं ऊन फिरत फिरत उजव्या खिडकीत गेलं, तेव्हा कुठे आम्ही घराच्या दिशेला लागलो. तरी वेळापत्रकाच्या थोडं आधीच पोचलो. आणि छोट्या विमानतळाचं एक बरं असतं, शिडीवरून उतरलं की पाच मिनिटांत माणूस दाराबाहेर. सामान यायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला.