चढावर मरणाऱ्या एटीव्ही

खुलताबादहून म्हैसमाळकडं जाणाऱ्या रस्त्यालगत एका शेतमालकानं पर्यटकांसाठी एटीव्हीचा, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी मोटारसायकलींचा, ट्रॅक काढलाय. पावसाळ्यात म्हैसमाळ-वेरूळला गर्दी उसळते, तीच त्याची कमाई. ऐन श्रावणातल्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला, "भाऊ, साऱ्या गाड्या चढावरच बंद पडायल्यात. गिऱ्हाईक ढकलत खाली आणायलंय."

पोरांसाठी त्याच्याकडं ११० सीसीच्या लहान गाड्या आहेत, कार्बोरेटरवाल्या, म्हणजे हवेच्या ओढीनं पेट्रोल मिसळणाऱ्या. मोठ्यांसाठी एकच, सेकंडहँड घेतलेली, पण इंजेक्शनची, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी. रस्त्यावरच्या नव्या मोटारसायकली १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर जवळपास सगळ्या इंजेक्शनवर गेल्या. ही लहान धुडं शेतातच फिरणारी, त्यांना पासिंग कुठलं? म्हणून कार्बोरेटर तिथं अजून टिकून आहे.

मी पोचायच्या आत निदानं तयार होती. ड्रायव्हर म्हणे, डोंगरावर हवा पातळ. म्हैसमाळ हजार मीटरच्या आतबाहेर. एवढ्यानं पेट्रोल-हवेचं मिश्रण किंचित रिच होईल, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, पण गाडी मरायची नाही. मालकाचा राग इथेनॉलवर, आणि तो अगदीच खोटा नव्हता. पंपावर आता २० टक्के मिसळलेलं पेट्रोल मिळतं. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पेट्रोलचं ठरावीक मापाचं भोक, पेट्रोल बदललं म्हणून ते मोठं होत नाही, मिश्रण लीन पडतं, म्हणजे पेट्रोल कमी. इंजेक्शनवालीला ऑक्सिजन सेन्सर असला तर तिला हे सायलेन्सरमधल्या धुरावरून कळतं आणि ती इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवते. पण लीन झालेली गाडी सपाटीवरही कुरकुरते. ह्या सपाटीवर चांगल्या पळत होत्या.

लहान गाड्यांचं काम लवकर उरकलं. चढाच्या अलीकडं पाण्याचं डबकं केलेलं, मजा म्हणून. कार्बोरेटरच्या हवेच्या नळ्या खाली लोंबत होत्या आणि त्यांची तोंडं काळ्या मातीच्या चिखलानं लिंपली होती. कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत हवा शिरली नाही तर पेट्रोल उतरत नाही. त्यात चढावर वाटीतलं पेट्रोल मागं सरकतं, त्यावर तरंगणारा फ्लोट भलतीच पातळी दाखवतो आणि जेट कोरडा पडतो. नळ्या साफ करून टाकीखालून वर बांधल्या, फ्लोटची उंची बघितली. दोन गाड्यांचे मंद चालीला पेट्रोल देणारे स्लो जेट उन्हाळाभर उभं राहून चिकटले होते, तेही फुंकले. ह्या कामाला पाना, तार आणि तोंडची हवा पुरते.

मोठीनं मात्र दुपार खाल्ली. शहरातल्या एका गॅरेजनं ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेला म्हणून सांगितलेलं, आणि त्या पैशात मालकाची आणखी एक लहान गाडी आली असती. माझ्या टू-व्हीलरच्या स्कॅनरची पिन तिला बसेना, डॅशबोर्डवरचा दिवा आधीच फुटलेला. मी मागं उभा राहून चढवायला लावली. दगडांच्या टप्प्यावर आली आणि बटण दाबावं तशी बंद. ना झटका, ना मिसिंग. पेट्रोल कमी पडलेली गाडी अशी मरत नाही, आधी गुदमरते. चावी बंद करून पुन्हा दिली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणायचा आणि गाडी पहिल्या स्टार्टला चालू. पंपही ठीक, बॅटरीही ठीक.

ड्रायव्हरला विचारलं, "कधी उलटली होती का?"

तो मालकाकडं बघायला लागला. उत्तर मिळालंच.

सीट काढली. ह्या गाडीत कलण्याचा सेन्सर असतो. गाडी साधारण ६५ अंशांच्या पुढं आडवी झाली की तो ईसीयूला कळवतो, इंजिन बंद होतं आणि चावी बंद-चालू केल्याशिवाय पुन्हा लागत नाही. माणूस गाडीखाली सापडला तर चाकं फिरत राहू नयेत म्हणून ही सोय. त्याला धरून ठेवणारं रबर फाटून सेन्सर वायरवर लोंबत होता. मल्टिमीटर लावला. सरळ धरला की एक व्होल्टच्या आसपास, आडवा केला की चारच्या आसपास. सेन्सर निरोगी होता. इंजिन चालू ठेवून तो हातातच आडवा केला. क्षणभर थांबून इंजिन बंद.

मालक म्हणाला, "अरे, गाडी तर उभीच आहे की!"

तेच तर. खाली कुठं आहे हे दोन्ही गाड्यांना कळावं लागतं. एकीला ते वाटीतलं पेट्रोल सांगतं, दुसरीला हा डबा. दगडांवर दोघांनीही खोटं सांगितलं. लहानीचा खोटेपणा डोळ्यांना दिसत होता, मोठीचा व्होल्टमध्ये दडलेला.

ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापलं, मोठे वॉशर घातले, वरच्या बाजूची खूण वर ठेवून सेन्सर बसवला. नुसता बोल्टनं आवळून चालत नाही, धक्के थेट बसतात. मूळ रबर मागवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत मोठी त्या टप्प्यावरून न थांबता चढत होती.

चहा घेताना मालकानं विचारलं, पुढच्या हंगामाला कोणती घेऊ? मी म्हटलं, पोरांच्या सपाट ट्रॅकला कार्बोरेटर राहू द्या, बिघडली तर तुमचा गडीच खोलेल. चढाला इंजेक्शन घ्या, पण आधी मल्टिमीटर घ्या आणि एक माणूस शिकवा. बॅटरी उतरली तर ती ढकलून लागेल ह्या भरवशावर राहू नका. शेडमधली ज्वारीची पोती हलवा, उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर मला बोलवूनही त्या दिवशी काही होणार नाही. पोती कुठं ठेवायची यावर त्याचा आणि बायकोचा वाद सुरू झाला, तेव्हा मी हत्यारं आवरली.