क्लिक वाजला की खाऊ मिळालाच पाहिजे

क्लिकर म्हणजे दाबलं की टिक असा आवाज करणारी हातात मावणारी छोटी वस्तू. बऱ्याच जणांना वाटतं की तो रिमोट आहे, बटण दाबलं की कुत्रा बसणार. तसं नसतं हो. क्लिकरने ऑर्डर द्यायची नसते, कुत्र्याने बरोबर काम केलं की त्याच क्षणी "हेच हवं होतं" एवढं सांगायचं असतं, आणि मागोमाग खाऊ.

मग डायरेक्ट खाऊच का नाही? कारण कुत्रा बसतो, तुम्ही खिशातून ट्रीट काढेपर्यंत तो उठून उडी मारतो आणि बक्षीस मिळतं उडीला. क्लिक वेळेत झाला तर खाऊ दोन सेकंदांनी आला तरी चालतं. डॉल्फिनला हवेत उडी मारताना मासा कसा भरवणार, म्हणून तिथे शिट्टी वापरतात. डॉल्फिन प्रशिक्षक कॅरेन प्रायर 1960 च्या दशकात हवाईमध्ये हेच करायच्या आणि पुढे क्लिकर घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्याआधी 1951 मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकात या टिकटिक करणाऱ्या खेळण्याबद्दल लिहिलं होतं.

सुरुवातीला काहीच करून घ्यायचं नाही, नुसतं क्लिक आणि खाऊ, क्लिक आणि खाऊ. आवाज ऐकून तो खाऊ शोधायला लागला की समजायचं कळलं. आणि क्लिक चुकून वाजला तरी खाऊ द्यायचाच, नाहीतर त्या आवाजावरचा विश्वास जातो. मांजर किंवा घाबरट कुत्रा असेल तर पेनाची टिकटिक पुरते, ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला क्लिकऐवजी अंगठा वर करून खूण करायची.

ओरडणं, मारणं याला माझा साफ विरोध आहे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावून गप्प केलं तर भीती आत तशीच राहते, फक्त वॉर्निंग बंद होते, मग लोक म्हणतात अचानक चावला! अंगावर उड्या मारतो ना, तर पाठ फिरवा, चारही पाय जमिनीला टेकले की लगेच क्लिक.

आयुष्यभर क्लिकर घेऊन फिरावं लागत नाही, नवीन काही शिकवतानाच लागतो. एकदा जमलं की शब्द पुरतो, खाऊ अधूनमधून. फक्त हाक मारल्यावर येण्याचं बक्षीस मी कधीच बंद करत नाही, रस्त्याकडे धावत सुटलेला कुत्रा पहिल्याच हाकेला मागे वळायला हवा.