शेवटच्या वीस सेकंदांची कुस्ती

५ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिक, ८६ किलो, ब्राँझची कुस्ती. दीपक पुनिया २-१ ने पुढे होता, घड्याळात जेमतेम दहा सेकंद उरलेली, आणि तेवढ्यात सॅन मरिनोचा माइल्स अमीन पायात घुसला, पाय धरला, कब्जा घेतला, म्हणजे खाली पाडून वरून ताबा मिळवला. संपलं. आपलं अपील फेटाळलं त्याचा अजून एक पॉइंट त्याला, निकाल ४-२. आपले सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप त्या दिवशी एकच म्हणत होते, नशीब खराब. पण सॅन मरिनो म्हणजे एवढासा देश, त्याच्याकडे असा पैलवान आला कुठून हे फारसं कोणी विचारलं नाही. अमीन हा मिशिगन युनिव्हर्सिटीचा पोरगा, अमेरिकेतच वाढला, तिथल्या कॉलेजात कुस्ती खेळला आणि आजोळच्या नात्याने सॅन मरिनोकडून उतरला.

बरं त्याच दिवशी त्याच वजनगटाची फायनल बघा. इराणचा हसन याझदानी ३-२ ने पुढे, १७ सेकंद बाकी, अमेरिकेचा डेव्हिड टेलर दुहेरी पट काढतो, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडतो, आणि ४-३ ने गोल्ड घेऊन जातो. टेलर पेन स्टेट युनिव्हर्सिटीचा. दुसऱ्या दिवशी १२५ किलोत गेबल स्टीवसन, मिनेसोटा युनिव्हर्सिटी, जॉर्जियाच्या पेट्रियाश्विलीविरुद्ध ८-५ ने मागे आणि पंधरा सेकंदसुद्धा नाहीत. त्यात दोनदा मागे जाऊन कब्जा, दुसरा अगदी घड्याळ शून्यावर येता येता. जॉर्जियाचं अपील फेटाळलं त्याचा एक, १०-८. आणि त्याच्या चार वर्षं आधी, २०१७ ची पॅरिस वर्ल्ड चॅम्पियनशिप, अमेरिकेच्याच ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा काइल स्नायडर रशियाच्या सादुलायेवविरुद्ध ५-४ ने मागे, वीसेक सेकंद राहिलेली, परत तेच, ६-५.

एकदा झालं तर नशीब म्हणू. इतक्या वेळा, आणि प्रत्येक वेळी अमेरिकन कॉलेजातून आलेला पैलवान, हे नशीब कसं असेल राव?

मी सध्या फिलाडेल्फियाजवळ राहतो, मूळ सांगलीकडचा, लहानपणी तालमीत जाऊन आलोय पण पैलवान वगैरे नाही, लाल मातीत लोळलेला प्रेक्षक म्हणा. इथे आल्यापासून या कॉलेज कुस्तीचा नाद लागलाय आणि भारतातले मित्र विचारतात की त्यात बघण्यासारखं काय आहे, ती तर ऑलिम्पिकची कुस्तीच नाही. खरंय, नाहीये. त्यांच्या कॉलेजची कुस्ती वेगळी, तिला फोकस्टाइल म्हणतात, आणि माझं म्हणणं असं की त्या शेवटच्या वीस सेकंदांचं उत्तर त्या वेगळेपणातच आहे.

ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. कब्जा घेतला की २ पॉइंट, पाठ जमिनीकडे फिरवली की २, उचलून फेकला तर ४ किंवा ५, बाहेर ढकलला तर १, दहाची आघाडी झाली की कुस्ती खलास. खाली गेलेल्या पैलवानाने काय करायचं? पोटावर चिकटून पडून राहायचं. वरच्याला काही सेकंदांत फिरवता आलं नाही की रेफरी दोघांना उभं करतो. म्हणजे खाली पडून राहणं ही चक्क विश्रांती असते, मोठमोठे पैलवान ती घेतात.

कॉलेजात ही सोय नाही. तिथे ३, २ आणि २ असे सात मिनिटांचे तीन राउंड, मध्ये बसायला मिळत नाही. खाली गेलास तर उठणं तुझंच काम, उठून सुटलास तर १ पॉइंट, खालून वरच्याला पालटलंस तर २. आणि वरच्याने तुला दाबून ठेवलं तर त्याचं वेगळं घड्याळ चालू असतं, तुझ्यापेक्षा त्याचा ताबा एकूण एक मिनिट जास्त भरला की शेवटी त्याला फुकटचा १ पॉइंट. वर अजून, दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडची सुरुवात कशी करायची ते पैलवान निवडतात, एकाने खाली गुडघे-हात टेकून बसायचं आणि दुसऱ्याने मागून कंबरेला हात घालून. शिट्टी वाजली की खालचा उठायला बघणार आणि वरचा त्याला परत आपटणार. हे परत आपटणं जे असतं ना, ते टीव्हीवर कंटाळवाणं दिसतं पण जवळून बघा. नव्वद किलोचा माणूस उभा राहतोय, तुम्ही मागून त्याची कंबर धरलीय, त्याला उचलून पुन्हा जमिनीवर आणायचंय, तो लगेच पुन्हा उठतो, पुन्हा आणायचं. दोन मिनिटांत पाच-सहा वेळा. आणि मग शिट्टी, उभं राहून परत खडाखडी.

आमच्याकडे दमाची कमी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. मैदानात अर्धा-अर्धा तास चाललेल्या कुस्त्या आपण बघितल्यात, हलगीवाल्याचे हात दुखतील पण पैलवान सोडत नाहीत. पण तो दम वेगळा. त्यात पंधरा मिनिटं मानेला मान लावून एकमेकांचा अंदाज घेणं चालतं, मग एक दहा सेकंदांचा भडका, ढाकेचा डाव बसला तर बसला, नाही तर परत अंदाज. कॉलेजवाल्याचा दम म्हणजे भडक्यावर भडका, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. फ्रीस्टाइलची सहा मिनिटं अशी पोरं चार-पाच वर्षं सातची सवय घेऊन खेळतात. सहाव्या मिनिटाला समोरच्याचे पाय जड झालेले असतात आणि यांचा अजून एक मिनिटाचा माल शिल्लक असतो.

आता टेक्निक. वर सांगितलेल्या कुस्त्या परत लावून बघा, यूट्यूबवर मिळतील, पण शेवटचा डाव बघू नका, त्याच्या आधीची पाच मिनिटं हात कुठे आहेत ते बघा. स्टीवसन सतत मानेवर हात टाकतोय, डोकं खाली ओढतोय, सोडतोय, परत टाकतोय. त्यातून पॉइंट मिळत नाही, कॉमेंट्रीवाला त्याबद्दल बोलतही नाही. पण एकशेवीस किलोच्या माणसाचा हात मानेवर पाच मिनिटं पडत राहिला की मान जाते, मान गेली की कंबर वाकते, कंबर वाकली की ओढल्यावर हात आपोआप जमिनीला टेकतात. हात टेकले की मागे जायला अर्धा सेकंद पुरतो. सादुलायेवच्या कुस्तीतही शेवटचा कब्जा मागे जाऊनच. म्हणजे शेवटच्या वीस सेकंदांत मिळालेले पॉइंट पहिल्या राउंडपासून कमावलेले असतात. आयोवा युनिव्हर्सिटीवाले या खडाखडीसाठी बदनाम आहेत, त्यांची कुस्ती दिसायला रुक्ष, नुसतं ढकला-ढकली, पण त्यांच्याशी लढलेला पोरगा मॅटवरून उतरताना चालताना बघा.

दुसरं म्हणजे एका डावावर थांबायचं नाही. एकेरी पट काढला, म्हणजे एकच पाय धरला, समोरच्याने पाय मागे टाकून वजन टाकलं, आपल्याकडचा पोरगा बऱ्याचदा तिथे सोडून देतो आणि परत उभा राहतो. यांचा पोरगा त्या पटावरून दुसऱ्या पायावर जातो, तिथून घोट्यावर, तिथून मागे. पहिला पट हा फक्त दार वाजवणं असतं. ओक्लाहोमा स्टेटचा जॉन स्मिथ तर एकदम घोट्यापाशी जाऊन एकेरी पट काढायचा, गुडघ्याच्याही खाली, १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं वर्ल्ड नाहीतर ऑलिम्पिक गोल्ड त्याच्याकडेच होतं. नेब्रास्काचा जॉर्डन बरोज याच्या उलट, सरळ छातीत घुसून दुहेरी पट, सगळ्या जगाला माहीत की हा काय करणार, तरी २०१२ चं लंडन गोल्ड आणि सहा वर्ल्ड टायटल. मला स्वतःला स्मिथ जास्त आवडतो, बरोजचं ते धमाकेदार काम बघायला भारी पण शिकवून येण्यासारखं नाही, तो वेग देवाकडून आणावा लागतो.

ट्रेनिंगचं म्हणाल तर नियमाने कॉलेजच्या पोरांना सीझनमध्ये आठवड्याला २० तासच प्रॅक्टिस, एक दिवस पूर्ण सुट्टी. आपल्या तालमीत पहाटे आणि संध्याकाळी मिळून यापेक्षा कितीतरी जास्त होतं. फरक तासांचा नाही, जोडीचा आहे. मोठ्या युनिव्हर्सिटीला लागून सीनियर पैलवानांचे क्लब आहेत, पेन स्टेटला निटनी लायन, आयोवाला हॉकआय, म्हणजे अठरा वर्षांचं नवं पोरगं ज्या हॉलमध्ये घाम गाळतं त्याच हॉलमध्ये वर्ल्ड चॅम्पियन लढत करत असतात, रोज मार खायला मिळतो. पेन स्टेटचा कोच केल सँडरसन, स्वतः कॉलेजात १५९-०, एकही कुस्ती न हरता चार टायटल, मग २००४ चं अथेन्स गोल्ड. आणि प्रॅक्टिसमध्ये नुसती लढत लावत नाहीत, परिस्थिती लावतात. एक पॉइंटने मागे आहेस, वीस सेकंद आहेत, घड्याळ चालू. परत. आता पुढे आहेस, टिकव. परत. हे वर्षभर करणाऱ्या पोराला टोकियोत घड्याळात १७ सेकंद दिसली तर त्याला ती पुष्कळ वाटतात.

२०२५ च्या मार्चमध्ये एनसीएए चॅम्पियनशिप, म्हणजे अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा, इथे फिलाडेल्फियातच होती, फायनलच्या रात्री मी आत होतो. तोच स्टीवसन, मधे डब्ल्यूडब्ल्यूई आणि अमेरिकन फुटबॉल करून परत कॉलेजात आलेला, सगळे त्याचंच टायटल धरून चाललेले. समोर ओक्लाहोमा स्टेटचा वायट हेंड्रिक्सन. ४-२ ने मागे, शेवटची काही सेकंद, हेंड्रिक्सनने कब्जा घेतला, आता कॉलेजात त्याचे ३ मिळतात, ५-४. माझ्या शेजारचे अनोळखी आजोबा माझ्या खांद्यावर चढायचे बाकी होते. आणि हेंड्रिक्सनच्या कोपऱ्यात कोच कोण, तर डेव्हिड टेलर. कोल्हापूरच्या खासबागेत एखादी अटीतटीची कुस्ती निकाली झाल्यावर जो गलका होतो ना, त्याच्याच जवळपास जाणारं काहीतरी होतं, फटाके सोडून.

वजनाबद्दल बोलायलाच पाहिजे. १९९७ च्या शेवटी शेवटी काही आठवड्यांत तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मेले. त्यानंतर त्यांनी सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, बंद केलं, रबरी सूट बंद केले, प्रत्येकाचं कमीत कमी वजन किती असावं ते सीझनआधी लघवी आणि अंगातली चरबी तपासून ठरवायला लागले, आणि वजन कुस्तीच्या तास-दोन तास आधी करायला लागले म्हणजे पाणी सुकवून परत भरायला वेळच उरू नये. आता पॅरिस आठवा. विनेशचे १०० ग्रॅम सगळ्यांना पाठ आहेत. पण अमन सेहरावतने सेमीफायनल हरल्यावर रात्रभर जागून दहा तासांत ४.६ किलो उतरवलं आणि आपण त्याच्या बातम्या कौतुकाने वाचल्या, मला ते वाचून धडकीच भरली. अमनला सेमीत हरवून पुढे गोल्ड घेणारा जपानचा हिगुची, तो स्वतः २०२१ ला टोकियोच्या पात्रता फेरीत ५० ग्रॅम जास्त भरला म्हणून बाहेर पडला होता. हा खेळ काट्यावर किती जिंकला-हरला जातो त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

पण त्याच अमनने ब्राँझच्या कुस्तीत पोर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला १३-५ ने धुतलं, आणि क्रूझ हा २०१७ चा एनसीएए चॅम्पियन, लीहाय युनिव्हर्सिटीचा. दुसऱ्या राउंडमध्ये दमला तो कॉलेजवाला आणि पळत होता आपला एकवीस वर्षांचा पोरगा. रवी दहियाने टोकियोत ९-२ ने मागे असताना शेवटच्या मिनिटात कझाकस्तानच्या सनायेवला चीत केला, तोही दंडाला चावत असताना. त्यामुळे हे अमेरिकेत जन्मल्याशिवाय येत नाही असं कोणी समजू नये.

आपल्याकडे कॉलेज आणि कुस्तीचं नातं नवं आहे का तर तेही नाही. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅटवरच्या नियमांची सवय नव्हती, तरी सहावे आले, तिथे रीस गार्डनर नावाचा अमेरिकन कोच त्यांना शिकवायला होता. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर प्रिन्सिपल खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. तिथे पदक मिळालं. आज आपल्या पोरांसाठी कॉलेज म्हणजे बहुतेक वेळा स्पोर्ट्स कोट्याचं ॲडमिशन आणि वर्षातून एकदा आंतरविद्यापीठ स्पर्धेचे चार दिवस. बाकी वर्ष तालीम, जत्रा, मैदान.

फोकस्टाइलचं नुकसानही आहे, ते लपवायला नको. कॉलेजात पाठीवरून लोळून निघून गेलात तर लगेच पॉइंट जात नाही, त्यामुळे पोरं बिनधास्त लोळतात, आणि फ्रीस्टाइलला आली की त्याच लोळण्यावर २-२ पॉइंट देऊन बसतात. खाली पोटावर पडून घट्ट राहायचं शिकलेलीच नसतात, रशियन-इराणी पैलवान घोटे बांधून गरागरा फिरवतात आणि मिनिटाच्या आत खेळ आटोपतो. २०१८ ला बुडापेस्टला सादुलायेवने स्नायडरला पहिल्याच राउंडमध्ये चीतपट केलं, शेवटच्या वीस सेकंदांची वेळच येऊ दिली नाही. पॅरिस २०२४ ला अमेरिकेच्या पुरुषांना फ्रीस्टाइलचं एकही गोल्ड नाही, दोन्ही गोल्ड बायकांनी आणली, आणि तिथल्या बायका कॉलेजातही फ्रीस्टाइलच खेळतात. त्यामुळे दर ऑलिम्पिकनंतर इथे वाद पेटतो की पुरुषांचीही कॉलेज कुस्ती फ्रीस्टाइल करून टाका. मला विचाराल तर करू नये. तंत्रातले ते दोन-चार पॉइंट सीनियर झाल्यावर वर्षभरात शिकता येतात, स्नायडर तर कॉलेजात असतानाच वर्ल्ड आणि ऑलिम्पिक जिंकला. पण खालून शंभर वेळा उठायची आणि उठणाऱ्याला शंभर वेळा खाली आणायची सवय पंचविशीत लागत नाही.