एका भिंगातली गुठळी शोधताना

गोवा विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रकल्पासाठी मी बी1422+231 हे गुरुत्वीय भिंग घेतलं. मधल्या दीर्घिकेच्या वस्तुमानाने मागच्या क्वेसारचा (फार दूरच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा) प्रकाश वाकतो आणि एकाच क्वेसारच्या चार प्रतिमा दिसतात, सगळ्या मिळून साधारण सव्वा विकलेत (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) मावणाऱ्या.

सुरुवात सोपी गेली. दीर्घिका गुळगुळीत, लंबगोल धरली, शेजारच्या दीर्घिकांची ओढ जोडली. प्रतिमांच्या जागा चोख जुळल्या. तेजस्विता मात्र काही केल्या जुळेना. चारपैकी ए, बी, सी या तीन प्रतिमा एका कमानीत आहेत. अशा वेळी मधल्या बीचं तेज ए आणि सीच्या बेरजेच्या आसपास यायला हवं. रेडिओ मोजमापांत बी 1 धरली तर ए 0.93 आणि सी 0.52, म्हणजे बेरीज 1.45! नियम काटेकोर लागू पडायला तिघी फार जवळ हव्यात हे खरं, पण गुळगुळीत मॉडेलला एवढी तफावत पेलत नाही.

"धुळीचं काय?" सरांनी विचारलं.

"सर, रेडिओ लहरींना धूळ अडवत नाही."

"आणि दीर्घिकेतले तारे?"

त्यांचाही प्रश्न नव्हता. रेडिओ स्रोत एवढा मोठा असतो की एकेकट्या ताऱ्याचा परिणाम त्यात विरून जातो. उरली कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाने जाणवणाऱ्या द्रव्याची गुठळी.

फोंड्याला घरी पावसात सारखी लाइट जायची, म्हणून दर टप्प्याला फाइल सेव्ह करत मी मॉडेलमध्ये ए प्रतिमेजवळ छोटी गुठळी ठेवली. जागा जेमतेम हलल्या, ए मात्र ठळक उजळली! प्रतिमेची जागा गुरुत्व विभवाच्या उतारावर ठरते, तेज त्याच्या वक्रतेवर. लहान गुठळी उताराला फारसा धक्का न लावता वक्रता बदलते. मग तीच गुठळी बीजवळ नेली, तर बी मंदावली. प्रकाशाच्या प्रवासवेळेचा नकाशा काढला तर ए दरीत बसते, बी खिंडीत, म्हणून परिणाम उलटे. हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण वाटेतल्या वायूने रेडिओ लहरी विखुरल्या असत्या तर त्याने दरी-खिंड बघितली नसती.

पण दोन्ही उत्तरं आकड्यांत बसतात. शिवाय लहान गुठळी जवळ आणि मोठी जरा लांब, हेही बसतं. एका भिंगावरून निवाडा होत नाही. दलाल आणि कोचानेक या संशोधकांनी 2002 साली सात भिंगं एकत्र घेतली, तेव्हा कुठे भिंग-दीर्घिकांच्या वस्तुमानाचा सुमारे 2 टक्के भाग गुठळ्यांत असावा असा अंदाज निघाला, तोही बऱ्याच रुंद मर्यादांसह. अहवालात मी दोन्ही जागा नकाशावर दाखवल्या आणि पुढच्या कामासाठी आणखी चार प्रतिमांची रेडिओ भिंगं सुचवली.