दिवस २६ : १४८५ ग्रॅम

लेकीचं सकाळचं वजन १४८५. कालच्यापेक्षा २० ग्रॅम जास्त. "बाय बरी आसा," सिस्टर म्हणाल्या आणि तिला काट्यावरून उचलून पुन्हा वॉर्मरमध्ये ठेवलं. दूध आता दर दोन तासांनी १८ मिली, अजून नळीनेच. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका तालात जमायला साधारण चौतिसावा आठवडा यावा लागतो म्हणे. पहिल्या दिवशी १ मिली होतं. सिरिंजच्या टोकाशी दिसणारं ते दूध बघून मी विचारलं होतं, एवढंच?

जन्मली तेव्हा २९ आठवडे, १२४० ग्रॅम. पुढच्या चार-पाच दिवसांत ११२० वर उतरली. अंगातलं पाणी कमी होत जातं, अशा बाळांचं वजन आधी घटतंच, असं डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. तरी मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. १२४० वर परत यायला तेरावा दिवस उजाडला.

पण आज लिहायचंय ते आईंबद्दल, माझ्या सासूबाईंबद्दल.

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही." पहिल्या दिवसापासून त्या हेच सांगत होत्या, मला, शेजाऱ्यांना, फोनवर नणंदेला. बाळ इथे बांबोळीच्या इस्पितळात, तरी वाळपईच्या घरी त्यांनी सटी पुजली, कोरा कागद आणि पेन ठेवून. खरं सांगायचं तर त्या वाक्याचा मलाही आधार वाटायचा. नवव्या दिवशी तिचा श्वास थांबला, यंत्र ओरडायला लागलं, सिस्टरनी तळपायाला टिचकी मारली आणि ती पुन्हा श्वास घ्यायला लागली, तेव्हाही मी मनात तेच म्हणत होते. सातव्यातली आहे, जगेल.

गेल्या आठवड्यापासून आई गप्प झाल्या. फोनवर वजन विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. काल रात्री न राहवून म्हणाल्या, "आठवा लागला ना गो तिला?"

त्या बाहेरही महिने मोजत होत्या! मला आधी रागच आला. मग त्या म्हणाल्या, "माझा पहिला आठव्यातलाच होता." लग्नाला सहा वर्षं झाली, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. भर पावसातली गोष्ट. घरातच झाला, दोन दिवस कण्हत श्वास घेत होता, मग नाही.

मी मला कळलं होतं तसं त्यांना सांगितलं. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाला बळच देतो, आठव्यातलं मूल सातव्यातल्यापेक्षा सशक्त असतं. तुमच्या मुलाला महिन्याने नाही नेलं, त्याच्या फुप्फुसांना आधार द्यायला तेव्हा काही नव्हतं. हिला होतं. बाळंतपणाआधी मला दिलेली दोन इंजेक्शनं, नाकातून हवेचा दाब देणारा सीपॅप, श्वास चुकू नये म्हणून कॅफीन. सीपॅप अकराव्या दिवशी निघाला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "त्याला कुशीत घेतलं असतं तर?" मला उत्तर देता आलं नाही.

आज दुपारी दीड तास कांगारू केलं. छातीवर उघडी, फक्त टोपी आणि लंगोट. तिचा श्वास माझ्या गळ्याशी लागत होता. सिस्टर सहज म्हणाल्या, आजी आली तरी चालेल, निरोगी असली की झालं. परवा डोळ्यांची तपासणी आहे, पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बघणार. त्याची मला धास्ती आहे, म्हणून आईंनी उद्याच यावं असं वाटलं.

संध्याकाळी फोन केला. नखं कापायची, हात कोपरापर्यंत धुवायचे, हातात काही नको, एवढं सांगितलं. बांगड्यांचं बोलताना मी अडखळले. चाळीस वर्षांत त्यांचे हात मोकळे पाहिलेलं कुणाला आठवत नाही.

आत्ता ह्यांचा फोन आला होता. आई न्हाणीघरात साबण लावून एकेक बांगडी उतरवतायत, एकही फुटू न देता.