वर्गणीचं पान, शिक्कामोर्तब आणि नव्वद दिवस

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळाने वर्गणीसाठी वेबसाइट काढली आणि २० जून २०२६ ला तिचं सर्टिफिकेट, म्हणजे साइटची ओळख ब्राउझरला पटवणारा डिजिटल दाखला, घेतलं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं, म्हणजे हे १८ सप्टेंबरला संपणार. गणेश चतुर्थी १४ तारखेची. ऐन उत्सवात, पाचव्या दिवशी, वर्गणी भरायला आलेल्याच्या मोबाइलवर 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' अशी सूचना झळकेल आणि तो पान बंद करून निघून जाईल. हे टाळणं अवघड नाही. पण सर्टिफिकेट नेमकं काय करतं हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथल्याच गैरसमजातून होतात.

सर्टिफिकेट स्वतः काहीच कुलूपबंद करत नाही. तो एक सही केलेला कागद आहे. 'ही सार्वजनिक किल्ली या नावाच्या साइटची आहे, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत', एवढंच त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. (किल्ल्यांची जोडी असते: खाजगी किल्ली गुप्त ठेवायची, तिने सही करायची; सार्वजनिक किल्ली सगळ्यांना द्यायची, तिने ती सही तपासायची.) बडोद्याच्या दफ्तरातले जुने मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही कल्पना लगेच पटेल. वर शिक्का असायचा तो पत्र कुणाचं हे सांगायला, आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे नंतर कुणी एक ओळही घुसडू नये. डिजिटल सही ही दोन्ही कामं एकदम करते. सर्टिफिकेटमधलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही.

मग कुलूप लागतं कधी? ब्राउझर आणि सर्व्हर यांनी गुप्तपणे बोलण्याची ठरलेली पद्धत म्हणजे टीएलएस. तिच्या १.३ मध्ये, म्हणजे २०१८ साली पक्क्या झालेल्या आवृत्तीत, ब्राउझर पहिल्याच निरोपात आपला तात्पुरत्या किल्लीचा अर्धा भाग पाठवतो. सर्व्हर त्याचा अर्धा भाग परत पाठवतो. त्यातून दोघांनाही एकच गुपित मिळतं, आणि मधे बसून सगळं ऐकणाऱ्याला ते काढता येत नाही. इथून पुढे सगळं बंद दाराआड. सर्टिफिकेट त्यानंतर येतं, तेही कुलूपबंद होऊनच. आतापर्यंतच्या सगळ्या बोलण्यावर सर्व्हर आपल्या खाजगी किल्लीने सही करतो, आणि ब्राउझर ती सर्टिफिकेटमधल्या सार्वजनिक किल्लीशी ताडून पाहतो. म्हणजे साइटची खाजगी किल्ली फक्त सहीपुरती वापरली जाते. त्यामुळेच ती उद्या चोरीला गेली तरी काल कुणी साठवून ठेवलेली रहदारी उघडता येत नाही. ही मला या सगळ्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

या कागदावर मालकाच्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र चकार शब्द नसतो. मंडळाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून कुणी खोटी साइट काढली, तर तिलाही पाच मिनिटांत अगदी खरं सर्टिफिकेट मिळेल, कारण ते खोटं नाव खरोखरच त्या माणसाच्या ताब्यात आहे. कुलपाचं चिन्ह पाहून लोक निर्धास्त होतात म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं. तेव्हा वर्गणीच्या पावतीवर आणि मांडवातल्या फलकावर वेबसाइटचं पूर्ण नाव ठळक छापा आणि लोकांना ते अक्षर न् अक्षर वाचायला सांगा.

आता प्रत्यक्ष काम. स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्टबॉट हे सर्टिफिकेट मागून आणणारं सॉफ्टवेअर पुरतं. नाव तुमच्याच ताब्यात आहे हे दाखवायला ते सर्व्हरवर एक छोटी फाइल ठेवतं आणि लेट्स एन्क्रिप्ट बाहेरून येऊन ती वाचतं. हे वाचन ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या साध्या, बिनकुलपाच्या दारावर, सुरू होतं. 'आपली साइट आता सुरक्षित आहे, ८० कशाला उघडं?' म्हणून फायरवॉलमध्ये ते बंद करणाऱ्यांचं नूतनीकरण पुढच्या वेळी हमखास अडतं. पोर्ट उघडं ठेवा आणि पाहुण्याला तिथून ४४३ या कुलूपबंद पोर्टकडे वळवा. दुसरी अडचण चटकन लक्षात येत नाही. डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत, आयपीव्ही-६ पद्धतीचा जुना पत्ता राहिलेला असेल तर तपासणी आधी तिकडेच जाते आणि भलत्याच सर्व्हरकडून उत्तर मिळतं. साइट तुमच्या घरून उघडते, मग सर्टिफिकेट का मिळत नाही, असं कोडं पडलं तर चौपट-ए (AAAA) नावाची, म्हणजे आयपीव्ही-६ पत्त्याची, नोंद आधी बघा. आणि एकामागून एक प्रयत्न करत बसू नका. एका नावाची तपासणी तासात पाच वेळा फसली की थांबावं लागतं. सरावासाठी त्यांचा वेगळा स्टेजिंग सर्व्हर आहे, तो वापरा.

नाव मागताना तिहेरी डब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही मागा. ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. देवनागरीत .भारत नाव घेतलं असेल तर सर्टिफिकेटमध्ये ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात दिसेल. ते बरोबरच आहे, गोंधळू नका.

सर्वांत जास्त डोकेदुखी मात्र साखळीची. ब्राउझर ज्या मूळ संस्थांवर विश्वास ठेवतो त्या थेट तुमच्या सर्टिफिकेटवर सही करत नाहीत. त्या एका मधल्या सर्टिफिकेटवर करतात आणि ते मधलं तुमच्यावर. मधलं सर्टिफिकेट पाठवायची जबाबदारी तुमच्या सर्व्हरची. सर्टबॉट चार फाइली देतं. त्यातली 'सर्ट' म्हणजे फक्त तुमचं सर्टिफिकेट, 'फुलचेन' म्हणजे तुमचं आणि मधलं एकत्र. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकून 'सर्ट' लावली तरी लॅपटॉपवर साइट बिनतक्रार उघडते, कारण तिथला ब्राउझर गहाळ दुवा स्वतः शोधून आणतो किंवा त्याच्याकडे तो आधीच असतो. म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीचा, सर्व्हर इतका समजूतदार नसतो. देणगीदाराचे ५०१ रुपये कापले जातात, गेटवे 'पैसे आले' असा निरोप मंडळाच्या साइटला द्यायला येतो, साखळी तुटलेली पाहून परत फिरतो, आणि पावती निघत नाही. खजिनदार बँकेला दोष देतो, देणगीदार मंडळाला.

खात्री करायची असेल तर ओपनएसएसएल या साधनाचा 'एस क्लायंट' (s_client) हा जोडणी तपासणारा हुकूम साइटच्या नावासह ४४३ वर चालवा आणि शेवटचा पडताळणीचा आकडा बघा. शून्य म्हणजे साखळी आणि मुदत ठीक. २१ म्हणजे पहिल्याच सर्टिफिकेटची पडताळणी झाली नाही, जवळजवळ नेहमी मधला दुवा गहाळ. १० म्हणजे मुदत संपली. साखळी धड असूनही एखाद्याच जुन्या फोनवर तक्रार येत असेल तर आधी त्याची तारीख-वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोनची तारीख मागे गेली की चांगलं सर्टिफिकेटही त्याला 'अजून सुरू न झालेलं' वाटतं.

आता पुन्हा त्या १८ सप्टेंबरकडे. मुदतीचे साधारण ३० दिवस उरले की सर्टबॉट आपणहून नवं सर्टिफिकेट आणतं. तरीही साइट बंद पडते, आणि तेव्हा फोल्डरमध्ये नवं सर्टिफिकेट चक्क पडलेलं असतं! एनजिनएक्स सुरू होताना फाइल एकदाच वाचतो. त्याला रीलोड केलं नाही तर तो जुनंच दाखवत राहतो. सर्टबॉटला एनजिनएक्सची जोड देऊन काम केलं असेल तर रीलोड आपोआप होतं. नुसतं सर्टिफिकेट आणून फाइलींचे पत्ते हाताने लिहिले असतील तर 'डिप्लॉय हुक'मध्ये, म्हणजे नवं सर्टिफिकेट आल्यावर सर्टबॉट आपणहून जे चालवतं त्यात, रीलोडचा हुकूम टाकावा लागतो. फाइली सर्टबॉटच्या 'लाइव्ह' फोल्डरमधून दुसरीकडे कॉपी करून वापरणं हीही तीच चूक, नवी फाइल आली तरी कॉपी जुनीच राहते.

'वर्षाचं विकत घेतलं की कटकट नको' हा हिशेब आता चालत नाही. १५ मार्च २०२६ पासून कोणत्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७. हाताने बदलत बसणं कुणालाच परवडणार नाही. मुदत संपत आल्याचे लेट्स एन्क्रिप्टचे ईमेलही जून २०२५ मध्ये बंद झाले, त्यामुळे बाहेरून तारीख पाहणारी एखादी देखरेख स्वतःच लावायला हवी.

मधे सीडीएन, म्हणजे पाहुणा आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये बसून पानं पोचवणारी सेवा, असेल तर आणखी एक बघा. पाहुणा ते सीडीएन हा टप्पा कुलूपबंद आणि सीडीएन ते तुमचा सर्व्हर हा उघडा, अशी सोय काही ठिकाणी मिळते. ती वर्गणीच्या पानाला अजिबात वापरू नये. शिवाय त्या सोयीत तुमचा सर्व्हर ८० वरून ४४३ कडे वळवत असेल तर पान स्वतःभोवतीच फिरत राहतं आणि कधी उघडतच नाही.

खाजगी किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, 'फक्त आपल्या ग्रुपवर' असली तरी. चुकून गेलीच तर नवी किल्ली बनवून नवं सर्टिफिकेट घ्या आणि जुनं रद्द करा. फक्त मेसेज पुसून भागत नाही.

श्रावण लागला की एकदा सर्टबॉट 'ड्राय रन' करून चालवा. त्यात नूतनीकरणाची रंगीत तालीम होते, खरं सर्टिफिकेट बदलत नाही. पण डिप्लॉय हुक त्यात एरवी चालत नाही, म्हणून रीलोडचा हुकूम हाताने चालवून वेगळा तपासा. आणि डोमेन ज्या खात्यावर आहे त्याचा पासवर्ड मंडळात निदान दोघांकडे असू द्या, कारण स्थापनेच्या सकाळी त्यातला एक जण ढोल-ताशाच्या गजरात फोन उचलणार नाही.